जास्तीची खोली कोणाची?

मार्च २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडले गेले. टाळेबंदी उठली, लॅपटॉप मात्र पुरते उठले नाहीत. आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम, हा अनेक कंपन्यांत आता रिवाजच झाला आहे. मग टू बीएचकेतली दुसरी बेडरूम पाहुण्यांसाठी राखायची की कामाला द्यायची?

हिशेबी माणूस म्हणेल, पाहुणे सणासुदीपुरते, काम बारमाही; वाद कसला? पण पाहुणा म्हणजे फक्त दिवाळीत येणारी आतेबहीण नव्हे. परळला टाटा हॉस्पिटलात केमो घ्यायला आलेले सोलापूरचे काका हेही पाहुणेच. त्यांना लॉज सुचवायला आपलीच जीभ रेटत नाही. 'चार दिवस' म्हणून आलेल्यांचा मुक्काम लांबतो. केमोने प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला हॉलमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत गादी घालून देणं नुसतं वाईट दिसत नाही, धोक्याचंही आहे.

'चाळीत आम्ही एका खोलीत दहा जण झोपायचो' हा दाखला इथे चालत नाही. त्या दहांपैकी कोणाला रात्री क्लायंटशी बोलायचं नव्हतं! कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. गावाकडच्या माणसाची ती झोपेची वेळ. म्हणजे 'दिवसा ऑफिस, रात्री पाहुणे' ही वाटणी कागदावरच सोपी.

तरीही माझा कौल कामाला. बंद दाराची गरज रोजची आहे, आणि डायनिंग टेबलावरून चालवलेल्या नोकरीचा चटका सगळ्या घराला बसतो: कुकरची शिट्टी धरून ठेवा, मुलांना गप्प बसवा. मात्र खोलीतून डबल बेड काढायला हवा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार अशी दुसरी खोली साडेसात चौरस मीटरची, म्हणजे जेमतेम ८० चौरस फुटांची असली तरी चालते. त्यातले तीसेक फूट पलंग खातो, उरलेलं कपाट. सहा बाय तीनचा दिवाण १८ फुटांत बसतो, शेजारी टेबल मावतं आणि दिवाणाखाली जादा गादी राहते.

आजारी किंवा म्हातारं माणूस आलं, तर मात्र लॅपटॉपने मुकाट्याने आपल्या बेडरूममध्ये जावं. लग्नाला आलेल्या धडधाकट भाच्याने हॉलमध्ये झोपायला हरकत नाही.

दोघंही घरून काम करत असतील, तर पाहुणे यायच्या आधीच एक वाद मिटवावा लागेल. बऱ्याच घरांत ही खोली न बोलता नवऱ्याची होते आणि बायको ओट्याशेजारी कानात इअरफोन घालून मीटिंगला बसते. तिथे दिवसाआड पाळी लावावी, आणि ज्याची महत्त्वाची मीटिंग त्याला दार.