थंडीची चव, आरोग्याचा भ्रम

चौदाव्या शतकात दौलताबादला येऊन गेलेल्या इब्न बतुताने इथल्या द्राक्षवेलींना वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद करून ठेवली आहे. आजचे बागायतदारही वेल दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पीक मात्र एकच घेतात आणि तेही थंडीच्या दिवसांत वाढवून. चव थंडीत टिकते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

‘शार्दोने’ या फ्रेंच पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनचे सारे कौतुक याच एका गोष्टीवर उभे आहे. कच्च्या द्राक्षात मॅलिक आम्ल भरपूर असते, हिरव्या सफरचंदात असते तेच. फळ पिकताना वेल हे आम्ल श्वसनात खर्च करते. हवा गरम असली की ते झपाट्याने संपते, थंड असली की शिल्लक राहते. म्हणून फ्रान्समधल्या शाब्लीच्या शार्दोनेत लिंबू, हिरवे सफरचंद आणि ओल्या दगडासारखा वास जाणवतो, तर उष्ण प्रदेशात तीच जात अननस आणि पिकल्या आंब्याकडे झुकते. पुढचे काम जिवाणूंचे. ते मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्यातले आम्ल. त्यातून आंबटपणा मवाळ होतो आणि लोण्याचा वास येतो. व्हॅनिलाची झाक येते ती ओकच्या पिंपातून.

महाराष्ट्रात अकलूज परिसरातही शार्दोने लावली गेली आहे. अडचण अशी की, फ्रान्समध्ये फळ पिकते तेव्हा ऋतू थंडीकडे सरकत असतो. आपल्याकडे फेब्रुवारी उलटला की उन्हाळा दारात उभा असतो. त्यामुळे काढणीचे दिवस अचूक साधावे लागतात. रात्री गरम होत गेल्या, तर हे गणित आणखी अवघड होईल. खाण्याच्या द्राक्षालाही त्याची झळ बसेलच.

इथवर सारे शेतीचे आणि रसायनाचे शास्त्र. आक्षेप आहे तो पुढच्या उडीला. चव हलकी, आंबटसर, गोडी जवळजवळ नाही. म्हणजे प्रकृतीला बरी, असे आता सर्रास सांगितले जाते. गोडी लागत नाही, कारण द्राक्षातल्या साखरेचे अल्कोहोल झालेले असते. हिशेब करून पाहा. 12.5 टक्के अल्कोहोलच्या 150 मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे 15 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. उष्ण भागातली 14 टक्क्यांची असेल, तर साधारण साडेसोळा ग्रॅम. फरक पडला तो जेमतेम दीड-दोन ग्रॅमचा. 5 टक्क्यांच्या 330 मिलिलिटर बिअरमध्येही 13 ग्रॅमच असते. यकृताला द्राक्षाची जात कळत नाही आणि हवामानही कळत नाही.

मद्याची गणना कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात 1988 मध्येच झाली. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवाद या कसोटीवर टिकत नाही.

द्राक्ष उत्पादकाला वाइनमधून चार पैसे मिळत असतील, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण माल विकायचा तर चवीच्या नावाने विकावा, औषधाच्या नावाने नव्हे. जे पीत नाहीत, त्यांनी हृदयाच्या काळजीपोटी सुरुवात करू नये. थंडीचे खरे देणे हवे असेल, तर हिवाळ्यातला ताजा घोस आहेच.