डोळे मिटा म्हणे!

मी बँकेतला कारकून, त्यातून बी. कॉम. तेव्हा संगीत आणि चित्रकला यांच्या नात्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच लिहून देतो. हवं तर रेव्हेन्यू स्टँप लावून. पण ज्यांना तो अधिकार आहे त्यांनी माझ्या मुलीचा तबला बंद पाडला, म्हणून ही तक्रार.

झालं असं की, आमच्या गोंदियात 'सूर आणि रंग' या विषयावर व्याख्यान होतं. वक्ते बाहेरगावचे. त्यांनी पेटीवाल्याला एक सूर धरायला लावला आणि म्हणाले, "डोळे मिटा. कोणता रंग दिसतो?" पुढच्या रांगेला ताबडतोब केशरी, जांभळा, मोरपंखी दिसू लागला. माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "काळा." सभागृह हसलं. वक्ते मायेने म्हणाले, "रसिकता हळूहळू येईल, बाळ." घरी येऊन तिने तबल्यावर गवसणी घातली, ती महिनाभर निघाली नाही.

मुळात डोळे मिटायचेच कशाला? आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं. तिथे डोळे मिटले तर शेजारचा कोपर मारतो.

मग मी सवयीप्रमाणे जुन्या वह्या तपासल्या. तेराव्या शतकात देवगिरीला शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात सात सुरांना रंग वाटून दिले आहेत. पेटीवाल्याने धरला होता पंचम, आणि पंचमाचा रंग दिलाय काळा! न्यूटननेही १७०४च्या 'ऑप्टिक्स'मध्ये सप्तकाची सांगड इंद्रधनुष्याशी घातली. तिथे काळ्याचं खातंच नाही. दोन वह्यांची शिल्लक अशी जुळली नाही तर आमच्या शाखेत रात्री नऊपर्यंत कोणी घरी जात नाही. इथे मात्र टाळ्या पडतात.

रागमालेची चित्रं सुंदर, मीही तासभर बघत बसेन. पण तोडी म्हणजे वीणा घेतलेली बाई आणि भोवती हरणं, हे चित्रकाराला रागाच्या वर्णनाच्या श्लोकांतून मिळालेलं. नुसत्या कानाने ऐकून एक तरी हरीण दाखवा, बक्षीस देतो.

सुराचं चित्र खरोखर निघतं, आणि ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. जर्मनीच्या क्लाडनीने १७८७मध्ये ते छापून दाखवलं. पत्र्यावर वाळू पसरायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्रा जिथे थरथरतो तिथून वाळू पळते, जिथे स्थिर असतो तिथे रेघ धरून बसते. सूर बदलला की नक्षी बदलते. १८०९मध्ये हे बघून नेपोलियनने त्याला सहा हजार फ्रँक दिले. (मंजुरीसाठी किती सह्या लागल्या असतील!)

आणि आपल्याकडे? प्रकाशासाठी १९३०चं नोबेल घेतलेल्या रामन यांनी आपल्या तालवाद्यांच्या कातडीवर बारीक वाळू टाकून अशाच आकृत्या टिपल्या. १९३४चा त्यांचा निबंध त्यावरच आहे. साध्या ढोलाच्या कातडीतून निघणारे नाद एकमेकांशी भांडतात; मधल्या शाईच्या वजनाने ते सुरात येतात. त्या शाईत लोखंडाची भुकटी आणि भाताची किंवा कणकेची खळ. तांदळाच्या गावात व्याख्यान देताना एवढं तरी सांगायचं! पण शाल पांघरल्यावर खळ आठवत नाही.

रविवारी मी दूध पावडरचा डबा दोन्ही बाजूंनी कापला, एका तोंडावर फुगा ताणून बसवला. वर तांदळाचं पीठ टाकलं. गोंदियाकर ना आम्ही. पीठ चिकटून बसलं. मग मीठ घेतलं. मुलीने खालून तोंड लावून लांब 'सा' धरला. मिठाचे दाणे नाचले आणि एकदम गोल कडं करून बसले. आवाज चढवला तर कडं मोडून दुसरंच काही झालं. ती बोलेचना. पुन्हा सा, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"काहून जी, मिठाचा डबा कुठं नेला?" आतून आवाज आला. त्याचंही चित्र फुग्यावर उमटलं, जरा दातेरी.

संध्याकाळी बघतो तर तबल्याची गवसणी निघालेली आणि पोरगी रांगोळीची चिमूट घेऊन शाईवर वाकलेली. मी ओरडलो.

"बाबा, रामननी केलं होतं ना?"

"रामनना तो हप्त्यावर घ्यावा लागला नव्हता!"

पण चिमूट तोवर सुटली होती. तिने 'ना' वाजवला, आणि आम्ही दोघंही वाकून बघू लागलो.