केळव्याचे दोन कोट

रविवारी केळवे रोडला उतरलेली गर्दी थेट समुद्राकडे धावते. सुरूच्या बनातल्या भुईकोटाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वाळूत गाडला गेलेला हा पोर्तुगीजांचा कोट दुर्गप्रेमी पोरांनी फावडी-घमेली घेऊन मोकळा केला. १७३९च्या आसपास, वसईच्या मोहिमेत हा पट्टा मराठ्यांकडे आला. मला मात्र खाडीच्या मुखाजवळचा पाणकोट जास्त आवडतो. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं. वाटेतल्या चिखलात निवट्या मासा भेटतो: डोळे थेट डोक्यावर, कल्ल्यांत पाणी साठवलेलं, पुढच्या परांवर रेटत चाललेला. पाऊल वाजलं की बिळात गडप! भरतीची वेळ तेवढी गावातल्या कोळ्याला विचारून निघा. सेल्फीच्या नादात परतीची वाट बुडाली, तर होडीवाल्याला हाका माराव्या लागतील.