रंग प्रोफेशनल, पण कोणाच्या सोयीचा?

आमच्या बदलापूरच्या सोसायटीत सध्या बाहेरून रंग द्यायचा विषय गाजतोय. तीन कोटेशनं आलीत. सगळ्यात स्वस्त कोटेशनवर लिहिलंय 'प्रोफेशनल ग्रेड इमल्शन', आणि अर्धी कमिटी त्या शब्दांवरच खूश आहे. तुम्ही-आम्ही दुकानातून आणतो त्यापेक्षा हा माल भारी असणार, असा सरळ हिशोब! मला काही तो पटत नाही.

'प्रोफेशनल' म्हणजे व्यावसायिकाच्या सोयीचा. अमेरिकेत रंगापेक्षा मजुरी कितीतरी महाग. त्यामुळे तिथल्या ठेकेदाराला भराभर मारता येणारा, लवकर वाळणारा रंग लागतो. तिथल्या प्रोफेशनल दुकानांत उत्तम मालही मिळतो, पण बिल्डर उचलतो तो बहुतेक वेळा खालच्या फळीवरचा.

त्यामागची केमिस्ट्री सोपी आहे. रंगात मुख्यतः चार गोष्टी असतात: रंगद्रव्य (पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड), खडूसारखी भर, सगळ्यांना धरून ठेवणारा अ‍ॅक्रिलिक बाइंडर, आणि पाणी. पाणी उडून जातं. उरलेल्यात रंगद्रव्य आणि बाइंडर महाग, भर स्वस्त. म्हणून स्वस्त रंगात भर जास्त आणि बाइंडर बेताचा. गंमत म्हणजे असा रंग वाळला की दिसतो छान! कणांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात, त्यामुळे भिंत चांगली झाकली जाते. मॅट असल्यामुळे नंतर कुठे ठिगळ मारलं तरी कळत नाही. पझेशन देणाऱ्या बिल्डरला आणखी काय हवं? पण त्याच पोकळ्यांतून पाणी आत शिरतं, आणि काही दिवसांनी भिंतीवरून हात फिरवला की हाताला पांढरी पूड लागते.

कोरड्या गावात हे चालून जाईल. आपण राहतो बारवी धरणाच्या शेजारी. जुलैत वीकांताला ज्या पावसात भिजायला लोक धरणाकडे जातात, तोच पाऊस आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर झड घालतो. आधी ओल, मग काळी बुरशी, मग पोपडे. बाहेरच्या रंगात बाइंडर भरपूर हवा आणि बुरशीनाशकही हवं. यात काटकसर नको.

आता पैशाचं बोलू. समजा चौरस फुटाला परांची आणि मजुरी 15 रुपये, स्वस्त रंग 5 रुपये, चांगला 9. स्वस्त 3 वर्षं टिकला आणि चांगला 6, तर 12 वर्षांत पहिला 80 रुपयांना पडतो आणि दुसरा 48 ला. आकडे तुमचे घाला, पण परांची दर खेपेला बांधावी लागते हे विसरू नका.

आतल्या खोल्यांचं मात्र वेगळं. छताला कोण हात लावतंय? तिथे स्वस्त मॅट खुशाल मारा. स्वयंपाकघरात आणि पोरं खडू ओढतात त्या भिंतीला धुता येणारा घ्या.

राहिला प्रश्न पेंटरच्या शिफारशीचा. डब्यांतून पेंटरसाठी कूपन घालायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्यात त्याची दोन पैशांची कमाई होते, होऊ दे बापडी. पण 'साहेब, हाच घ्या' याचा अर्थ लावताना ते ध्यानात असावं. आणि बारवीचं पाणी अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंत जातं ते ठीक, रंगाच्या बादलीत डब्यावर छापलंय तेवढंच जावं. :-)

तेव्हा ठेकेदाराला मी विचारणार आहे ते असं: 'ग्रेड' राहू दे, डब्यावरचं पूर्ण नाव लिहून द्या. सीलबंद डबे दोन सभासदांसमोर उघडा. प्रायमर कुठला, हात किती, दोन हातांमध्ये किती तास? जिथे नवा गिलावा कराल तिथे रंगाआधी 28 दिवस थांबणार का? आणि पश्चिमेच्या भेगा आधी भरायच्या, हे तर तिन्ही कोटेशनांत नाही. रविवारच्या मीटिंगमध्ये पहिला मुद्दा तोच काढतो.