संजीवन आणि नित्याची प्रार्थना

नारायणगुड्याच्या वायएमसीएच्या चौकातून जाताना ख्रिस्ती मंडळ्यांच्या संजीवन-सभांचे फलक पुष्कळदा दृष्टीस पडतात. 'संजीवन' हा मराठी ख्रिस्ती लोकांचा जुना शब्द. मंदावलेली श्रद्धा पुन्हा जागी व्हावी, पश्चात्ताप आणि प्रार्थना यांनी माणसे बदलावीत, असा त्याचा आशय. मी ख्रिस्ती नाही. गाणे व पेटी शिकवणारा मास्तर आहे. तरीही या विषयावर लिहावे असे एक निमित्त घडले.

गेल्या पावसाळ्यात येथील एका मराठी ख्रिस्ती घरी मुलांना अशाच सभेसाठी चार गीते बसवून देण्यास गेलो होतो. तालीम संपल्यावर घरच्या आजी म्हणाल्या, "मास्तर, सभेची गाणी झाली. आता टिळकांची दोन भजनेही शिकवा. पूर्वी आमच्याकडे दिवेलागणीला सगळे बसून प्रार्थना करीत. आता सभेला सगळे जातात, घरी कुणी बसत नाही."

मोठ्या सभांना नावे ठेवणे सोपे आहे; मला ते करावयाचे नाही. परगावाहून पोटासाठी आलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाला हजारांच्या सुरात सूर मिळवताना जो धीर येतो, तो खोटा नव्हे. मोठा आवाज म्हणजे उथळपणा, हेही खरे नव्हे. प्रश्न एवढाच, की मांडव उतरल्यानंतर काय उरते?

मराठी मुलखातील सर्वांत मोठे संजीवन केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जून १९०५ च्या अखेरीस झाले. त्याच सुमारास वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांतही अशी जागृती झाली होती. केडगावच्या मुली रडल्या, सर्वजणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पुष्कळांना हे विचित्र वाटले. रमाबाईंनी मात्र ते दडपले नाही. पण लोक जूनची गोष्ट सांगतात आणि जानेवारीची विसरतात. त्या वर्षाच्या आरंभीच रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करण्यास मुलींना बोलावले होते. प्रथम सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० च्या घरात गेली होती. जूनमधला भडका दिसला, पण आधीचे महिने कुणी बातमीत छापले नाहीत.

आणि पुढे काय झाले? मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. खुद्द रमाबाई हिब्रू आणि ग्रीक यांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत बसल्या. शेवटच्या आजारापर्यंत ते काम चालले. १९२२ साली त्या वारल्या. १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची जुळणी आणि छपाई मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केली. संजीवनाचा पुरावा मागायचा तर मी त्या ग्रंथाकडे बोट दाखवीन.

दुसरे उदाहरण आमच्या दाराशी आहे. पंजाबातील शीख घराण्यात १९०३ साली जन्मलेले, विलायतेत इंजिनियरिंग शिकावयास गेलेले बंधू बख्त सिंग कॅनडात ख्रिस्ताकडे वळले आणि १९३३ साली मायदेशी परतले. १९४१ साली मद्रासेत स्वतंत्र मंडळी स्थापण्यापूर्वी सहकाऱ्यांसह पल्लावरमच्या टेकडीवर त्यांनी रात्र प्रार्थनेत काढली. पुढे गोलकोंडा चौरस्त्यावरचे 'हेब्रोन' हे त्यांचे घर झाले. खाली चटईवर बसणे, तासन् तास उपासना, शेवटी सर्वांचे एकत्र प्रीतिभोजन, हा त्यांचा परिपाठ. १७ सप्टेंबर २००० रोजी ते निवर्तले आणि नारायणगुड्याच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली. त्या दिवशी रस्त्यांवर लोटलेली गर्दी मी विद्यार्थी असताना पाहिली आहे. तेव्हा मला गर्दीचेच नवल वाटले होते. आज त्या टेकडीवरच्या रात्रीचे वाटते.

माझे वडील दरबारी गवई होते. दरबारात शाल मिळे, वाहवा मिळे. ते म्हणत, "दरबारात ऐकू येते ते पहाटेचे असते." पहाटेचा खर्ज चुकवून मैफल रंगवणारा गवई फार दिवस रंगवू शकत नाही. मंडळ्यांचेही असेच असावे.

येथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने विलायती चाली सोडून अभंगाच्या वळणावर ख्रिस्तभक्तीची पदे रचली. टाळ आणि एकतारी एवढ्यावर घरात म्हणता यावीत, अशीच ती आहेत. १९१७ साली साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या शिष्याला तेथे मज्जाव नव्हता. दरबारी गवयाच्या मुलाला हे नाव जवळचे वाटावे, यात नवल नाही. त्या दरबारात बिदागी नव्हती, केवळ सेवा होती.

म्हणून मंडळ्यांच्या वडीलधाऱ्यांस, बाहेरचा माणूस असूनही, माझी एक विनंती आहे. सभा भरवा, अवश्य भरवा. पण हिशेब करताना किती लोक आले एवढेच मोजू नका. महिन्याने किती घरांत दिवेलागणीला प्रार्थना सुरू राहिली, तेही विचारा. मुलांना नवी गीते शिकवताना प्रत्येकाला एकतरी जुने भजन तोंडपाठ करून द्या. ध्वनिक्षेपक भाड्याने मिळतो आणि रात्री परत जातो. आजीला येत असलेली चाल मात्र एकदा हरवली की कुठल्याही दुकानात मिळत नाही.

त्या घरी आता दर गुरुवारी शिकवणीच्या शेवटी एक भजन होते. पहिल्या आठवड्यात आजी एकट्याच म्हणत होत्या. आता धाकटा नातू टाळ धरतो. ताल अजून चुकतो. पण बसतो रोज.