भयकथा रचणारे खेळाडू

सहकारी पत्त्यांच्या खेळात कोणी कोणाविरुद्ध बसत नाही. सगळे खेळाडू एका बाजूला असतात आणि प्रतिपक्षाचे काम पत्त्यांचा एक वेगळा कॅट करतो. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळेच हरतात. भयकथेवर बेतलेला या प्रकारातला नावाजलेला खेळ म्हणजे ‘आर्कम हॉरर : द कार्ड गेम’. फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकी कंपनीने तो २०१६ मध्ये आणला. नेट फ्रेंच आणि एम. जे. न्यूमन हे त्याचे रचनाकार. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांनी कल्पिलेल्या आर्कम नगरात, १९२० च्या दशकात, एक ते चार शोधक गूढ उकलू पाहतात. कंपनीच्या कथा खेळून झाल्या की अनेक खेळाडू स्वतःच कथा रचू लागतात. अंतराळात घडणारी ‘डार्क मॅटर’ आणि ‘ॲलिस इन वंडरलँड’ या चाहत्यांनीच रचलेल्या कथामालिका.

शोधकाचा कॅट साधारण ३० पानांचा असतो. प्रत्येक फेरीत त्याला तीन कृती मिळतात: ठिकाण बदलणे, सुगावा शोधणे, शत्रूशी झुंजणे, त्याच्यापासून निसटणे किंवा नवे पान उचलणे अशा कृतींतून निवड करायची. शेजारी दोन छोटे गठ्ठे मांडलेले असतात. एक कथेचा, पुरेसे सुगावे जमले की त्याचे पान उलटते. दुसरा अरिष्टाचा; पहिली फेरी सोडली तर दर फेरीला त्यावर एक टोकन पडते आणि ठरलेला आकडा भरला की संकट एक पाऊल पुढे येते. शरीराची इजा आणि मनाची भीती यांचे हिशेब वेगळे. दोन्हींपैकी कोणतीही मर्यादा संपली की शोधक डावाबाहेर.

भीतीचे खरे उगमस्थान मात्र टोकनांची पिशवी आहे. कसोटीच्या वेळी तिच्यातून एक टोकन काढून त्याचा आकडा शोधकाच्या गुणात मिळवायचा; बेरीज अवघडतेइतकी झाली तर यश. पहिल्या मालिकेच्या मध्यम पातळीवर तिच्यात १६ टोकने असतात. शोधकाची बुद्धी ३ आणि ठिकाणाची अवघडताही ३ असेल, तर खात्रीचे यश देणारी टोकने निघतात अवघी चार: एक ‘अधिक १’चे, दोन शून्याची आणि एक शुभचिन्हाचे. उरलेल्यांपैकी काही घात करणारच, काही कथेच्या नियमानुसार वागणार. अशा वेळी त्याच ठिकाणी उभा असलेला सोबती आपल्या हातातले एक पान त्याच्यासाठी टाकू शकतो. त्या पानाने कसोटीचा आकडा वाढतो, पण सोबत्याच्या हातातले एक पान कमी होते. सहकार्य म्हणजे नेमके काय, हे या एका पानात कळते.

नवी कथा रचणाऱ्याला म्हणूनच भुतांची यादी पुरत नाही. आधी जागा लागते. कोल्हापूरची मंगळवार पेठ घ्या. पेठेत आणि तिच्या कडेला मिरजकर तिकटी, साठमारी, खासबाग मैदान आणि त्याला लागून पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. मैदान १९१२ चे, नाट्यगृह १९१५ चे. १९२० च्या दशकातल्या कथेत दोन्ही बिनधोक बसतात. जयप्रभा स्टुडिओ बसत नाही, कारण तिथे कोल्हापूर सिनेटोन ही चित्रपटसंस्था उभी राहिली १९३३ मध्ये. कथेचे बीजही शहरातच आहे. बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटातले कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले, की त्यावर कात्री चालली. त्या कापलेल्या रिळाच्या शोधात शोधक निघाले आणि ते आपल्याआधी कोणी पडद्यावर लावू नये म्हणून धावले, की कथेचा गठ्ठाही तयार आणि अरिष्टाचाही.

प्रत्येक ठिकाणाने मग आपल्या स्वभावाप्रमाणे नियम मागावा. तिकटीच्या पानावर इतर ठिकाणांकडे जाणाऱ्या तीन खुणा हव्यात. शोधकाला पळायला सोय, तशी शत्रूला यायलाही. खासबागेचा आखाडा खोलगट, चहूबाजूंनी चढती बैठक असलेला, तेव्हा तिथून निसटण्याची कसोटी एका आकड्याने कठीण करावी. पेठेतल्या खऱ्या घराण्यांची नावे मात्र शत्रूंना देऊ नयेत.

यानंतरचे काम तोल साधण्याचे. ठिकाणांवरचे सुगावे बहुधा खेळाडूंच्या संख्येनुसार वाढतात, अरिष्टाचा आकडा सहसा तेवढाच राहतो. चौघांत वाटली जाणारी पायपीट एकट्याला तेवढ्याच फेऱ्यांत करावी लागते, म्हणून चौघांच्या डावात नीट चाललेली कथा त्याला जाचक ठरू शकते. एकटा, दोघे आणि चौघे असे तिन्ही प्रकारे ती खेळून पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देऊ नये. पराभव झालाच, तर तो चुकलेल्या निर्णयामुळे झाला असे खेळणाऱ्याला वाटले पाहिजे.

छपाई साधी असते. पाने ६३.५ बाय ८८ मिलिमीटरची. कागदावर छापून, कापून, जुन्या पत्त्यावर ठेवून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली की पिसता येतात. पाकिटांची पाठ अपारदर्शक हवी, नाहीतर नवे पान दुरूनच ओळखू येते. मूळ पेटी लागतेच, कारण शोधक, त्यांची पाने आणि टोकने तिच्यातूनच घ्यायची. चाहत्यांची कथा विकण्यासाठी नसते. कंपनीची चित्रे आणि चिन्हे यांवर कथा रचणाऱ्याचा हक्क नाही.

खेळताना एकाने मजकूर मोठ्याने वाचावा आणि पुढची पाने कोणीही उलटून पाहू नयेत. निर्णय मात्र वाटून घ्यावेत. जाणत्या खेळाडूने सगळ्यांच्या चाली ठरवल्या, तर बाकीचे नुसते पान टाकणारे उरतात आणि भीतीही त्या एकट्यापुरतीच राहते.

मराठीत या कथांना जमीन तयार आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी ओळखीच्या वाड्याघरांतले भय वाचकांना दाखवले. तेच भय आता चौघांनी एका टेबलाभोवती बसून अनुभवता येते. ज्यांच्याकडे हा खेळ आहे, त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या कल्पित आर्कम नगरावर न थांबता आपल्या पेठेची एक कथा रचावी, ती मराठीत लिहावी आणि शेजाऱ्यांना बोलावून खेळावी.