मुंज्याचा हट्ट आणि स्त्रीचा सूड

2018 चा ‘स्त्री’, 2024 चे ‘मुंज्या’ आणि ‘स्त्री 2’. या भुतांनी थिएटरं भरली, आणि आपल्या वस्त्यांतली मुलं आजही हे सिनेमे मोबाईलवर पाहतात. भुतांवर आपला विश्वास नाही. तरी त्यांच्याविषयी बोलायला हवं असं आम्हाला वाटतं.

‘स्त्री’मध्ये चंदेरीतले पुरुष रात्री घराबाहेर पडायला घाबरतात आणि प्रेक्षक हसतात. बायकांचं रोजचं जगणं पुरुषाच्या वाट्याला आलं की त्याचा विनोद होतो. दिग्दर्शक अमर कौशिक यांनी ही उलटापालट जाणीवपूर्वक केली, हे मान्य. पण त्या बाईला ताकद मिळते ती मेल्यावर. आधी लग्नाच्या रात्री तिचा खून व्हावा लागतो.

पुरुषाच्या भुताला एवढं सोसावं लागत नाही. ‘मुंज्या’तला कोकणातला गोट्या वयाने मोठ्या मुन्नीशी लग्नाचा हट्ट धरतो, त्यासाठी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्यातच मरतो. पुढे भूत होऊन मुन्नीच्या नातीमागे लागतो. बाईला भूत व्हायला अन्याय लागतो, याला नुसता नकार पुरला. तरी पडद्यावर तो खोडकर, गमतीशीर. (लोकसमजुतीत मुंज्या पिंपळावर राहतो. आपल्यासाठी तो बोधिवृक्ष. त्यावर पुन्हा कधीतरी.)

पडद्याबाहेर मात्र चेटकीण ठरते ती बाईच, बहुतेकदा विधवा किंवा एकटी राहणारी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी केल्याचा आळ घेऊन एखाद्याचा छळ करणं त्यात गुन्हा आहे. तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेलं की ‘आपसात मिटवा’ हेच आम्ही जास्त ऐकलं आहे.

वस्तीतल्या युवक गटासोबत आम्ही ‘मुंज्या’ पाहिला. लग्नाच्या हट्टावर पोरं खदखदून हसत होती. बारावीतली एक मुलगी गप्प होती. नंतर तिने सांगितलं, क्लासच्या रस्त्यावर एक जण चार महिने तिच्या मागे येतोय. घरी सांगितलं तर क्लास बंद होईल, म्हणून ती बोलली नव्हती. हसणाऱ्यांपैकी दोघं त्या मुलाला ओळखत होते. पुढच्या बैठकीत सिनेमा बाजूला राहिला, त्या दोघांशीच बोलणं झालं.